छापखान्याचा हिशेब सॉफ्टवेअरला शिकवताना

"भाऊ, चौसष्ट पानांचं पुस्तक आहे. दोन हजार कॉपी. किती पडन?"

नागपूरच्या गणेशपेठेतल्या आमच्या छापखान्याच्या काउंटरवर हा प्रश्न दिवसातून चार-पाचदा येतो. पानं आणि कॉप्या तेवढ्या बदलतात. तीसेक वर्षं बाबांनी याचं उत्तर तोंडीच दिलं. ते वर पंख्याकडे बघतात, ओठ थोडे हलतात आणि मिनिटभरात आकडा येतो. पार्टी घासाघीस करते, बाबा जरा खाली येतात, चहा होतो, ॲडव्हान्स मिळतो, काम छापून जातं. त्या कामात आपल्याला काय सुटलं, हे मात्र कळत नाही. मार्चनंतर सीए वर्षाचा एक आकडा सांगतात. कोणत्या कामानं कमावून दिलं आणि कोणत्यानं खाल्लं, ते त्या आकड्यात दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एस्टिमेट आणि जॉबच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर घेतलं. सुरुवातीला बराच काळ पश्चात्ताप केला. मग ते कशासाठी असतं हे हळूहळू कळायला लागलं. एक-दोन मशीनचा छापखाना चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पुस्तक किंवा पत्रिका छापून घेणाऱ्यांनी वाचलं, तर निदान थोड्या कॉप्यांचा भाव एवढा चढा का असतो हे त्यांना कळेल.

बाबांच्या डोक्यात जे चालतं ते आधी कागदावर मांडू. सॉफ्टवेअरही तेच करतं, पंख्याकडे न बघता.

पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचांचं, ७० जीएसएम मॅपलिथोवर (पुस्तकांचा साधा पांढरा कागद), आत एकरंगी. पूर्ण ताव २३ बाय ३६ इंच. त्याचे १६ तुकडे केले की एकेक तुकडा पावणेसहा बाय नऊचा होतो आणि कडा कापल्या की आपला आकार मिळतो. दोन्ही बाजूंनी छापून एका तावात ३२ पानं बसतात. म्हणजे एका पुस्तकाला दोन ताव, दोन हजार पुस्तकांना ४,००० ताव, ५०० तावांच्या रीमनं ८ रीम. कागदाचा भाव मात्र किलोवर असतो, म्हणून रीमचं वजन काढावं लागतं. तावाची लांबी-रुंदी मीटरमध्ये घ्या, ०.५८५ गुणिले ०.९१. त्याला ७० ग्रॅमनं गुणा, मग ५०० तावांनी. उत्तर १८.६ किलो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, एवढं लक्षात ठेवलं की कुठल्याही आकाराच्या तावाचा हिशेब असाच निघतो.

आता मशीन. आमचं १८ बाय २३ चं आहे, म्हणजे अर्ध्या तावाचं. अर्ध्या तावावर १६ पानांचा एक फर्मा बसतो, आठ पानं पुढे आणि आठ मागे. ६४ पानांचे चार फर्मे, प्रत्येकाच्या दोन प्लेटी (छपाईचे पत्रे, एका बाजूला एक), एकूण आठ प्लेटी. प्रत्येक प्लेट दोन हजार वेळा चालणार, म्हणजे १६,००० इंप्रेशन. प्रत्येक फर्मा लावताना शाई आणि रजिस्टर (छपाई नेमकी जागेवर बसणं) जमेपर्यंत शंभरेक अर्धे ताव वाया जातात असं धरलं तर आणखी २०० पूर्ण ताव लागतील. कागद झाला ८.४ रीम, १५६ किलोच्या आसपास. पुढे कव्हर, लॅमिनेशन (त्याचा दर शंभर चौरस इंचांवर), घडी, फर्मे जुळवणं, सेंटर पिन, कटिंग, पॅकिंग.

एवढं सगळं बाबा मिनिटभरात करतात, आणि कागदाच्या बाबतीत ते क्वचितच चुकतात. चूक व्हायची ती मशीनच्या वेळेत. ती त्यांचीच होती असंही नाही, आमच्या धंद्यात भाव सांगायची पद्धतच तशी आहे.

छपाईचा दर आपण हजारी सांगतो, म्हणजे हजार इंप्रेशनला इतके रुपये. उदाहरणापुरता ३५० धरू. वरच्या पुस्तकाचे १६,००० इंप्रेशन, म्हणजे ५,६०० रुपये. आता हेच काम वेळेत मोजू. एक प्लेट चढवून, शाई-पाणी जमवून पहिला चांगला ताव निघेपर्यंत अर्धा तास. आठ प्लेटींचे चार तास. मग तासाला चार हजारांच्या वेगानं १६,००० इंप्रेशनचे आणखी चार तास. एकूण आठ तास. मशीनचा तास आम्हाला ७०० रुपयांना पडतो असं समजा, तर खर्च ५,६००. हजारी दर आणि तासाचा दर बरोबर जुळले.

मग पार्टी म्हणते, "भाऊ, पाचशेच छापा."

हजारी पद्धतीत हजाराच्या आतल्या कामाला पूर्ण हजाराचा दर लावतात. आठ प्लेटी, आठ हजारांचे पैसे, २,८०० रुपये. बिल निम्मं झालं म्हणून पार्टी खूश, आणि पाचशेच्या कामाला हजाराचे पैसे मिळाले म्हणून आपणही खूश. प्रत्यक्षात प्लेटी लावायला तेच चार तास गेले. छपाईला फक्त एक तास लागला. पाच तासांचे ३,५०० रुपये खर्च झाले. ७०० रुपये गेले, आणि गेल्याचं कोणालाच कळलं नाही. एका पार्टीची पाचशे-पाचशे कॉप्यांची पुस्तकं आम्ही वर्षभर याच भावानं छापत होतो, आणि ती आमची सगळ्यात चांगली पार्टी आहे असं समजत होतो.

सॉफ्टवेअरनं आम्हाला पहिली कामाची गोष्ट दाखवली ती ही. पण ती दिसायच्या आधी मशीनच्या तासाची किंमत आपल्याला त्याला सांगावी लागते, आणि तिथेच बहुतेकांचं अडतं. विकणारा माणूस डेमोला येतो तेव्हा सगळे दर आधीच भरलेले असतात. बटण दाबलं की छान कोटेशन बाहेर येतं. ते दर कुणाचे असतात देव जाणे, आपले नसतात.

मशीनचा तास काढायचा असा. त्या मशीनचा महिन्याचा सगळा खर्च एकत्र करा: मशीनमन आणि हेल्परचा पगार, वीज, जागेच्या भाड्यातला वाटा, रोलर-ब्लँकेट-दुरुस्ती, कर्जाचा हप्ता, ऑफिसच्या खर्चातला भाग. हप्ता संपला असला तरी तिथे शून्य लिहू नका. मशीन कधीतरी बदलावंच लागणार आहे. बेरीज ९८,००० आली असं धरू. मग हे किती तासांनी भागायचं? सरळ उत्तर येतं: २६ दिवस, आठ तास, म्हणजे २०८ तास. तास पडला ४७१ रुपयांना. हा आकडा गोड दिसतो आणि खोटा असतो. २०८ तासांत मशीन प्लेटीची वाट बघत उभं होतं, कागद आला नव्हता, मशीनमन पुतण्याच्या लग्नाला गेला होता, दुपारी लाईट गेली होती. पार्टीच्या बिलात बसतील असे तास १४० निघाले. ९८,००० भागिले १४०, म्हणजे ७००. महिनाभर मशीनजवळ वही ठेवून हे तास लिहा, सॉफ्टवेअर नंतर घ्या. फार तर वहीतच तुमचं काम भागेल.

नफ्याच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. शंभराच्या खर्चावर वीस टक्के चढवले की विक्री १२०. पार्टीनं दहा टक्के सूट मागितली तर वाटतं अजून दहा उरले. १२० चे दहा टक्के बारा होतात. उरतात आठ. चांगलं सॉफ्टवेअर सूट टाकल्याबरोबर उरलेली रक्कम शेजारीच दाखवतं. बाबांना स्क्रीनवरचा हा एकच चौकोन मनापासून आवडतो.

कागदाच्या कापणीत मात्र यंत्र माणसाच्या पुढे जातं, हे मान्य करायला हवं. ए-फोरची हँडबिलं घ्या. आपला हात सवयीनं २३ बाय ३६ च्या तावाकडे जातो. त्याचे आठ तुकडे साडेअकरा बाय नऊचे होतात. ए-फोरची लांबी असते ११.६९ इंच. जवळपास पाच मिलिमीटर कमी पडतात. वेगळ्या पद्धतीनं कापून एका तावातून फार तर सात ए-फोर निघतात. २५ बाय ३६ च्या तावातून आठ निघतात. तो ताव जेमतेम नऊ टक्क्यांनी मोठा आणि हँडबिलं चौदा टक्क्यांनी जास्त. सॉफ्टवेअर बाजारातल्या सगळ्या आकारांवर सगळ्या दिशांनी हे करून बघतं, आणि कंटाळत नाही. फक्त मशीनचा ग्रिपर (ताव धरणारी पकड) किती जागा खातो आणि ब्लीड (कापायच्या रेषेबाहेरची जादा छपाई) किती ठेवायचं, हे त्याला आधी सांगितलेलं असावं. नाहीतर कागदावर बसलेलं काम मशीनवर बसत नाही.

आता नागपूरचा उन्हाळा. डेमोत याचा उल्लेख कुणी करत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, हवा कोरडी ठणठणीत होते, कागदातलं पाणी उडतं. गठ्ठ्याच्या कडा आधी सुकून आवळतात आणि मधला भाग ढिला राहतो. कागदात वीज भरते, ताव एकमेकांना चिकटतात, फीडरला दोन-दोन जातात. त्यावर उपाय म्हणून कूलर मशीनकडे वळवला की त्याच्या तोंडासमोरचा गठ्ठा ओल धरून लाटांसारखा होतो. जुलैत सगळीकडे ओल असते. तेव्हा कागद फुगतो आणि चार रंगांच्या कामात दुसरा रंग पहिल्यावर बसता बसत नाही. त्यामुळे "वेस्टेज ३ टक्के" असा वर्षभराचा एकच आकडा भरला तर तो डिसेंबरात खरा ठरतो, मेमध्ये नाही. आम्ही एकरंगी आणि चाररंगी कामांचं वेस्टेज वेगळं ठेवलं, आणि उन्हाळा-पावसाळ्यासाठी आणखी थोडं चढवलं. ते किती चढवायचं हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये नव्हतं, मशीनमनला तोंडपाठ होतं.

इथवर एस्टिमेट झालं. सॉफ्टवेअरचा दुसरा अर्धा भाग म्हणजे जॉबचा कारभार. तो दिसायला रटाळ आहे, पण माझ्या मते पैसे तिथेच वसूल होतात.

कल्पना साधी आहे. कोटेशन मंजूर झालं की कामाला एक जॉब नंबर मिळतो. त्याच नंबरावर जॉब कार्ड निघतं, त्यावर कागद कोणता, किती ताव, किती प्लेटी, बायंडिंग कसं, माल कधी द्यायचा. त्याच नंबरावर गोदामातून कागद सुटतो. मशीनमन सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, खराब झालेले ताव लिहितो. बाहेर लॅमिनेशनला माल गेला तर त्याचं चलान त्याच नंबरावर. शेवटी डिलिव्हरी, बिल, येणं बाकी. काम संपलं की एका बाजूला आपण धरलेला खर्च आणि दुसऱ्या बाजूला झालेला खर्च शेजारी शेजारी दिसतात. आम्ही सॉफ्टवेअर घेतलं ते कोटेशन पटापट देता यावं म्हणून. आज मी ते उघडतो ते या दोन रकान्यांसाठी.

हे रकाने खरे राहतात ते मशीनजवळच्या नोंदीवर. आमच्या मशीनमन काकांनी पहिल्या दिवशीच विचारलं, "म्हणजे आता माझ्यावर घड्याळ लावून राहिले का?" त्यांचा राग योग्य होता, आम्ही समजावून न सांगताच मोबाईल हातात दिला होता. शाईच्या हातानं मोबाईल कोण चालवणार? मग जॉब कार्ड छापील ठेवलं, काका पेनानं चार आकडे लिहितात, संध्याकाळी ऑफिसमधली ताई ते भरते. आणि पहिल्या महिन्याचा हिशेब काकांना दाखवला. वाया गेलेल्या वेळेतला मोठा भाग प्लेट उशिरा आल्याचा होता, त्यांचा नव्हता. तेव्हापासून प्लेट किती वाजता हातात आली, तेही ते न सांगता लिहितात.

प्रूफच्या मंजुरीचं प्रकरण तर प्रत्येक छापखान्यात शिजतं. पार्टी व्हॉट्सॲपवर "ओके" पाठवते. तो ओके दुसऱ्या प्रूफला होता की तिसऱ्या, हे लग्नपत्रिका छापून झाल्यावर उकरलं जातं. मुहूर्ताची वेळ चुकलेल्या पाचशे पत्रिका आम्ही एकदा स्वतःच्या खर्चानं पुन्हा छापल्या. आता प्रत्येक प्रूफला क्रमांक असतो, मंजुरीचा मेसेज जॉबला जोडला जातो, आणि क्रमांक नसलेलं "ओके" आम्ही धरत नाही. मधेच पानं वाढली तर त्याच जॉबवर वाढीव कोटेशन निघतं. पूर्वी ही वाढ बिलाच्या वेळी आठवायची आणि पार्टीच्या तोंडावर म्हणायला संकोच वाटायचा.

नोंदी भरताना एक बारकं दुखणं: जुनी डीटीपीची कामं श्रीलिपीसारख्या फॉन्टांत, सॉफ्टवेअर युनिकोडमध्ये. जुन्या फाईलमधून पार्टीचं नाव चिकटवलं तर अगम्य चिन्हं उमटतात. शिवाय एकाच संस्थेचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, त्यामुळे एकाच गिऱ्हाइकाची तीन खाती. आमचा पहिला महिना यातच गेला.

कर आणि कायदा थोडक्यात. ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकानुसार मजकूर गिऱ्हाइकाचा आणि कागद आपला अशी पुस्तकं, पत्रकं, वार्षिक अहवाल छापणं ही जीएसटीत सेवा धरली जाते. छापील पाकिटं, खोकी यांचा पुरवठा माल धरला जातो. म्हणून एकाच पार्टीच्या एकाच दिवशीच्या दोन कामांना दोन वेगळे कोड लागू शकतात. दरही बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छपाईच्या बहुतेक कागदावरचा कर १२ वरून १८ टक्के झाला आणि कागदी खोक्यांवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्या आठवड्यात आम्ही एका तक्त्यात दर बदलले आणि पुढची सगळी कोटेशनं नव्या दरानं निघाली. दर एकाच जागी ठेवता येतात का, हे सॉफ्टवेअर घेताना बघावं. नेमका दर आपल्या कर सल्लागाराकडून ठरवून घ्यावा, विकणाऱ्याकडून नाही.

निवडणुकीच्या कामांना वेगळी खूण ठेवा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७अ प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. छापण्याआधी प्रकाशकाचं दोन साक्षीदारांच्या सह्यांचं घोषणापत्र दोन प्रतींत घ्यावं लागतं, आणि त्याची एक प्रत छापलेल्या पत्रकासह राजधानीबाहेरच्या मुद्रकानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची असते. घाईत हे राहतं आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची आहे. आमच्याकडे घोषणापत्र जोडल्याशिवाय त्या जॉबचं कार्डच निघत नाही.

उधारीसाठीही जॉबचा नंबर उपयोगी. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागू होतं. पार्टीवर कुणी व्याज लावत नाही, इतवारीपासून सीताबर्डीपर्यंत सगळे एकमेकांना ओळखतात. पण "काका, बेचाळीस दिवस झाले" असं तारखेसकट म्हणता येतं.

कोणतं घ्यावं? दिवसाला पाच-सहा कामं असतील तर एक्सेलची नीट बांधलेली शीट पुरते. एस्टिमेटला ती उत्तम, जॉबच्या मागावर राहायला दुबळी. छपाईसाठीच बनवलेली तयार सॉफ्टवेअरं महिन्याच्या वर्गणीवर मिळतात. त्यांत फर्मा, प्लेट, कापणी हे सगळं आधीच माहीत असतं. मुंबईत तयार झालेलं इआरपीनेक्स्ट हे धंद्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे, पण त्याला फर्मा म्हणजे काय इथून शिकवावं लागतं, आणि तो शिकवणारा माणूस फुकट येत नाही. टॅली बहुतेकांकडे असतंच. ते हिशेबाला ठेवा, बिलं तिकडे जातील एवढं बघा. मोठ्या छापखान्यांत मशीनं आणि सॉफ्टवेअर एकमेकांशी जेडीएफ नावाच्या सामाईक भाषेत बोलतात. विकणारा ती भाषा आहे म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर आपलं जुनं मशीन ती बोलतं का ते आधी विचारा. आमचं मुकं आहे.

दोन गोष्टी लेखी घ्या. एक, आपला सगळा डेटा आपल्याला हवा तेव्हा एक्सेलमध्ये बाहेर काढता येईल. दोन, वर्गणी बंद केली तरी तो काढायला मुदत मिळेल. आणि पैसे देण्याआधी आपल्या जुन्या, संपलेल्या वीसेक कामांचे तपशील त्यात भरून बघा. बाबांनी तेव्हा सांगितलेला भाव आणि यंत्र सांगतं तो भाव कुठे फाटतात, तिथे थांबा. दरवेळी चूक बाबांची नसते.

सुरू कधी करावं यालाही नागपूरचं पंचांग आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा वह्या-प्रवेशअर्जांची झुंबड असते. विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, त्याआधी महिनाभर पुस्तिकांना श्वास नसतो. डिसेंबरात अधिवेशन, मग लग्नसराई. आम्ही ऐन सप्टेंबरात सुरू केलं आणि पंधरा दिवसांत वहीवर परत आलो. दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला केलं, ते टिकलं.

गेल्या महिन्यात तेच चौसष्ट पानी पुस्तक पुनर्मुद्रणाला आलं. मी जुना जॉब उघडला, कागदाचा नवा भाव टाकला, आकडा काढला. पार्टी समोर बसलेली. बाबांनी सवयीनं पंख्याकडे बघितलं आणि त्यांचा आकडा माझ्यापेक्षा बाराशेनं जास्त निघाला. मला वाटलं, झालं, आता वाद. ते म्हणाले, "कव्हर मागच्या वेळी पार्टीनं आणून दिलं होतं ना? या वेळी आपल्याला छापायचं हाय." मी स्क्रीनवर कव्हरच्या ओळीत बघितलं. तिथे शून्य होतं.